नुऱ्याचा खुंटा

मी टीव्हीवर कुस्त्या बघते. आपल्या मातीतल्या नव्हेत, त्या परदेशी, दिव्यांच्या झगमगाटातल्या, आधीच ठरवून केलेल्या कुस्त्या. एवढं एक वाक्य उघड म्हणायला मला पन्नाशी उलटावी लागली. आष्टीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, राहत्या घराचीच पुढची खोली. दुपारी हूक-काजाचं काम मांडीवर घेऊन मी टीव्हीसमोर बसते आणि दारात चप्पल वाजली की झटकन मालिका लावते. गिऱ्हाईक पिशवीतून मापाचा ब्लाउज काढेस्तोवर पडद्यावर एखादी सून डोळे पुसत असते. "कुठवर आली ओ गोष्ट?" असं कुणी विचारलंच तर मी म्हणते, "कुठली यायला, रडारड चाललीय नुसती." ती बाई गेली की पुन्हा माझे पैलवान सुरू.

यंदा चैत्र लागायच्या आतच आमच्या गल्लीत टँकर यायला लागला. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर एकच बोलणं, जनावरांच्या छावण्या उघडणार का आणि उघडल्या तर कुणाच्या. आणि त्यातच संध्याकाळच्या वाऱ्यावर कुठल्याशा जत्रेतली हलगी ऐकू येते. एकट्या टँकरचं मला काही वाटत नाही, एकट्या हलगीचंही नाही. पण दोन्ही एकाच उन्हाळ्यात आले की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. परवा एका नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच जोडल्या मी. तिची आई म्हणाली, "ताई, लक्ष कुठं हाय तुमचं?" आता लक्ष कुठं होतं ते तिला काय सांगू, कपाळ! बाही उसवली आणि पुन्हा बसवून दिली.

कुस्तीबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती मला कुणी विचारत नाही हे एका परीनं बरंच आहे. तो सोनेरी केसांचा, अंगाला तेल चोपडून फटाक्यांच्या धुरातून येणारा धिप्पाड गडी आहे ना, तो मला फुकट दिला तरी नको. त्याला चालता येतं, दंड दाखवता येतात, हजारो माणसांकडून स्वतःचं नाव ओरडून घेता येतं. कुस्ती तेवढी येत नाही. समोरच्याला उचलताना मेल्याचे गुडघे लटपटतात आणि ते लोकांना दिसू नये म्हणून समोरचा बिचारा स्वतःच उडी मारतो. दुसरा एक आहे तोंडाला रंग फासणारा. तो मार खाताना इतका कळवळतो की पुढाऱ्याच्या भाषणाची आठवण येते. पंच तर काय विचारूच नका. ज्या क्षणी बघायचं नेमकं त्याच क्षणी तो रिंगणाच्या दोऱ्यांकडं तोंड करून उभा असतो. असले पंच आमच्याकडंही मी पुष्कळ बघितलेत.

मी चाहती आहे ती त्या उडी मारणाऱ्याची. त्याचं नाव कधी मोठ्या अक्षरांत येत नाही. साधी काळी चड्डी, पोटाला थोडी चरबी, टाळूवर केस विरळ. कार्यक्रम सुरू झाला की पहिल्यांदा त्याला आणतात आणि तो पडतो. पण काय पडतो म्हणून सांगू! हनुवटी छातीशी धरतो म्हणजे डोकं वाचतं, पाठ अख्खी टेकवतो आणि तळहात असा फाडकन आपटतो की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, मेला हा. पाडणाऱ्याचा सगळा मोठेपणा त्या तळहाताच्या आवाजात असतो. पडणारा अडाणी निघाला तर पाडणारा कितीही दांडगा असो, मेंगळटच दिसतो. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या घरातच एक पडणारा माणूस होता.

तो माणूस म्हणजे माझे वडील, आबा. आमचं गाव आष्टीपासून बरंच आत, सगळी कोरडवाहू जमीन. गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की कुलपं लावून ऊस तोडायला जायची. आबा मात्र गेले नाहीत, कारण तरुणपणी ते कारखान्याच्या तालमीत होते. तेव्हा सहकार नवा होता. कारखान्याचा शेअर घेतलेला माणूस बाजारात छाती काढून चालायचा. चेअरमनला कुस्तीचा भारी नाद. साखरेसारखे पैलवानही आपल्याच कारखान्यातून बाहेर पडले पाहिजेत असा त्यांचा हट्ट होता. आबा तिथले नावाजलेले मल्ल. पुढं लग्न झालं, शेत अंगावर आलं, मी झाले आणि तालीम सुटली. मान आणि खांदे तेवढे राहिले. बाजारात लोक त्यांना वाट द्यायचे, आणि मी शाळेत "पैलवानाची कुसुम" होते. ह्या नावाचा मला एवढा ताठा होता की मास्तरांनी हजेरीत नुसतं "कुसुम" म्हटलं तर मी मुद्दाम उशिरा ओ द्यायची.

पोरींनी कुस्तीच्या फडाजवळ जायचं नाही अशी रीत होती. हौद्यातल्या मातीवर बाईची सावली पडू नये म्हणायचे. हौदा म्हणजे कुस्तीसाठी खणून, मळून मऊ केलेली जागा. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू काय काय जिरवायचे. एवढं खाऊन बसलेली माती एका पोरीच्या सावलीनं कशी काय बाटते देव जाणे! मी लांबच्या कडुलिंबावर चढून बघायची. लांबून कुस्ती बघितली की चेहरे दिसत नाहीत, वजन दिसतं. कुणाचा भार कुठल्या पायावर आहे, कोण दमलाय, कोण दमल्याचं सोंग करतोय, सगळं कळतं. पुढच्या खुर्च्यांवर बसणाऱ्या फेटेवाल्यांपेक्षा मला जास्त कळायचं, आणि हे मी आजही कुणाशीही पैज लावून म्हणेन.

आमच्याकडं ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. साधा शब्द नाही तो, शिवी आहे. भरल्या फडात कुणी "नुरा हाय बे, नुरा!" असं ओरडलं की पैलवानाच्या घरच्या बायाही आठवडाभर पाण्याला मान खाली घालून जायच्या. तिकडं टीव्हीवर नुऱ्याचा पगार मिळतो. सगळ्या जगाला ठाऊक असतं आणि तरी लोक तिकीट काढून येतात, पोरांना खांद्यावर बसवून दाखवतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला त्या लोकांचा रागच आला होता. लाज कशी वाटत नाही ह्यांना, असं मी एकटीच खोलीत मोठ्यानं म्हणाले. मग हातातली सुई तशीच राहिली आणि मी कार्यक्रम संपेपर्यंत बघत बसले.

मी सातवीत असताना दुष्काळ असा पडला की विहिरीत सोडलेली बादली खणकन वाजून वर यायची. ऊस उभ्यानं वाळला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं. मग कारखान्यानं आपल्या माळावर जनावरांची छावणी उघडली. तिथं वैरण मिळायची, टँकरचं पाणी मिळायचं, म्हणून आख्खी गावं जनावरं घेऊन तिकडं राहायला निघाली. जिकडं बघावं तिकडं पालं, खुंटे, शेणाचे पो आणि हाडं वर आलेली गुरं. मळीचा आंबूस वास सगळ्याला. तो वास भाकरीलाही यायचा. दूध संघाची गाडी सकाळी पालांपर्यंत यायची आणि बाया गडवाभर दूधही लेकरांच्या तोंडचं काढून तिच्यात ओतायच्या. आजही रसवंतीजवळून जाताना कधी तो वास आला तर मी पदर नाकाला लावते. सोबतच्या बायांना वाटतं, ताईंना गोड सोसत नाही.

आम्हाला मात्र छावणीत जागाच मिळेना. आबा बैलजोडी आणि म्हैस घेऊन गेले की "भरली" म्हणून परत पाठवायचे. चित्र्या बैल तर चालता चालता बसायला लागला होता. शेवटी छावणीच्या मॅनेजरनं आबांना बाजूला घेतलं. काय बोलणं झालं ते त्या दिवशी आबांनी मायला सांगितलं आणि मी कुडाच्या पलीकडं भांडी घासत होते. चेअरमनच्या भाच्याला, किसनला, पैलवान म्हणून मोठं करायचं होतं. तालमीत नवाच होता, अंगानं चांगला, पण कुस्तीत कच्चा. जत्रांचा हंगाम तोंडावर. नावाजलेल्या मल्लाला पाडल्याशिवाय नाव होत नाही. तेव्हा जिथं जिथं किसन उतरेल तिथं आबांनी त्याच्यासमोर उतरायचं आणि पडायचं. बदल्यात जनावरांना जागा आणि वैरण. आणि एक गोष्ट, पोराला ह्यातलं काही कळता कामा नये.

"मंग तुमी काय म्हनला?" मायनं विचारलं.

"काय म्हननार? चित्र्याकडं बगितलं का तू?"

मायनं मला हाक मारून भांडी नीट विसळायला सांगितली.

जागा मिळाली ती अशी की बघणाऱ्याचे डोळे फिरावेत. पाण्याच्या टाकीला लागून, आख्ख्या माळावर सावलीचं एकच लिंबाचं झाड, त्याच्याखाली. तिथं आबांनी खुंटा ठोकला. पहिल्या जत्रेत आबा पडले तेव्हा लोक हळहळले, वय झालं पैलवानाचं म्हणाले. दुसऱ्या जत्रेतही पडले. तिसऱ्या ठिकाणी पडले तेव्हा लोकांनी आधी एकमेकांकडं बघितलं आणि मग आमच्या झाडाकडं बघितलं. कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या आठवड्यात आमच्या जागेला नाव पडलं, नुऱ्याचा खुंटा.

मला वाटलं होतं, लोक चिडवतील, मी भांडेन आणि संपेल. भांडायला मी काही कमी नव्हते. पण तसं झालंच नाही. ते नाव पत्त्यासारखं वापरात आलं. "वैरणीची गाडी कुठवर आली?" "आली, नुऱ्याच्या खुंट्यापाशी आली." "माझी शेळी बगितली का गं?" "ती बग की, नुऱ्याच्या खुंट्याकडं गेली." म्हाताऱ्या बाया, लहान पोरं, सगळी म्हणायची. त्यात वाईट हेतू नसायचा. मी पाणी भरायला टाकीवर उभी असताना माझ्याच देखत म्हणायची आणि मला हंडा डोक्यावर चढवायला हातही लावायची. सांगा, अशा माणसाशी कसं भांडायचं? मी हंडा घेऊन खाली बघत चालायची. चिखलात माझ्या पायांचे ठसे कसे उठतात ते मला त्या उन्हाळ्यात पाठ झालं.

जवळच्या जत्रांतल्या कुस्त्या मी बघितल्या. आबा प्रत्येक ठिकाणी वेगळे पडायचे. एका गावात किसनला पायात शिरू दिलं. दुसऱ्या गावात त्यानं ढाक मारायचा प्रयत्न केला, म्हणजे समोरच्याचा हात काखेत धरून त्याला अंगावरून फेकायचं, आणि ती इतकी कच्ची बसली होती की खरं तर किसनच तोंडावर यायचा. आबांनी त्याच्या कमरेला धरून, त्याला सावरून, स्वतःला त्याच्या अंगावरून फेकून घेतलं. लोकांनी किसनला खांद्यावर घेतला. मी लिंबावर बसून दात आवळले. ते किती अवघड आहे ते मला कळत होतं आणि ते मला कळतंय ह्याचीच मला लाज वाटत होती.

किसनची बायको आज माझी गिऱ्हाईक आहे. आता हसा! कारखान्याच्या गेटवर नोकरी करून किसनराव निवृत्त झाले, पोट सुटलं, पण मिशीला पीळ आहे. कधी बायकोचे ब्लाउज न्यायला येतात तेव्हा खुर्चीत बसून हटकून विषय काढतात. "कुसुमताई, तुमच्या वडलांसारखा मल्ल न्हाई झाला. आन् त्यांना म्या पाडलं, लागोपाठ पाडलं! माझी ढाक अशी बसायची, अशी!" आणि बसल्या जागी हात फिरवून दाखवतात. मी ब्लाउजची घडी घालते. लोक नुरा म्हणाले ते जळून, असं त्यांना आजही वाटतं. त्यांच्या आयुष्यात तो एकच उन्हाळा आहे. सुरुवातीला वाटायचं, सांगावं एकदा तोंडावर. आता नाही वाटत. "बसायची खरी," एवढं म्हणते आणि पिशवी हातात देते. ते गेल्यावर मात्र मशीन इतक्या जोरात चालवते की दोरा तुटतो.

आमच्या गावची जत्रा चैत्रात. त्या वर्षी गावात माणूसच नव्हतं, सगळी छावणीत. मग देवालाच पालखीतून छावणीत आणायचं ठरलं. देव आला म्हणजे कुस्त्या आल्या. माळावर नवा हौदा खणला. त्यात जिरवायला ताक कुठलं, दूध सगळं संघाला जात होतं. मूठभर हळद टाकली आणि जनावरांच्या टँकरमधलं पाणी ओतलं. त्यावरून बाया करवादल्या, "गुराच्या तोंडचं पानी मातीत घालताय, मुडद्यांनो!" तरी कुस्त्यांच्या वेळेला सगळ्यात पुढं त्याच. छावणीत कुणी कुणाला लांब उभं करणार? सगळे एकाच माळावर राहत होतो. माती मात्र भिजलीच नाही नीट. वर चिखल आणि खाली दगडासारखी ढेकळं, अशी राहिली.

शेवटची मानाची कुस्ती किसन आणि आबांची. गावचा पैलवान आपल्याच गावच्या फडात उतरतो तेव्हा घरातली लेक त्याला ओवाळते, अशी आमच्याकडं रीत. पालासमोर पाट मांडला. आबा लंगोट कसून, वर धोतर गुंडाळून बसले. मी कुंकू लावलं, निरांजन फिरवलं, आणि तबक खाली ठेवायच्या आधी माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, आज तरी खरी करा."

माय म्हणाली, "गप गं!" पण आबा हसले. त्या उन्हाळ्यात ते हसलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. म्हणाले, "आज खरी. आपल्या मानसांम्होरं खोटी न्हाई करायची, बाई. आज तू झाडावर नगं, आपल्या बैलगाडीत हुबी राहा. नीट दिसंल."

मी गाडीत उभी राहिले. देवाचं नाव घेतलं, जो जो देव आठवला त्याला त्याला नारळ बोलले. हलगी कडकडायला लागली, आबांनी शड्डू ठोकला आणि त्याचा आवाज वेगळाच आला. लोकांनाही तो कळला. कुजबुज थांबली. किसन अंगावर आला तसा आबांनी त्याला असा वळवला, जसं दावणीचं वासरू वळवावं. दोनदा तो सुटला, दोनदा आबांनी धरला. मग खाली घेतला, पालथा, आणि मानेवर गुडघा दिला. छावणी उभी राहिली. "सोपान पैलवान! सोपान पैलवान!" आमच्या खुंट्याला नाव ठेवणारी तीच माणसं घसा फाडून आबांचं नाव घेत होती. बाया फुगडीला उभ्या राहिल्यासारख्या नाचत होत्या. आता फक्त उलटायचं होतं. किसनचा खांदा सुटत आला होता. मी गाडीच्या दांडीला इतकं घट्ट धरलं होतं की तळहातात कुसळ गेलं ते दुसऱ्या दिवशी कळलं.

सगळ्यांचे डोळे मातीत होते. मी उंचावर होते म्हणून मला पलीकडचंही दिसलं. खुर्चीवरून मॅनेजर उठला आणि रमतगमत आमच्या झाडाकडं गेला. तिथं कुणी नव्हतं, नुसती आमची जनावरं. त्यानं चित्र्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग वाकून खुंट्याचं दावं सोडलं आणि दाव्याचं टोक हातात धरून, फडाकडं तोंड करून नुसता उभा राहिला. ओरडला नाही, खुणावलं नाही. आबांनी किसनला उलटायला मान वर केली आणि त्यांना समोर तेच दिसलं.

तेवढ्या वेळात मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, जाऊ दे बैल. चित्र्याला मी लहानपणापासून हातानं भाकरी चारलेली, त्याच्या कपाळावर डोकं ठेवून मी रडलेली. तरी मला वाटलं, जाऊ दे, मरू दे, आबा, उलटा त्याला. ओरडले नाही, पण वाटलं ते हेच.

आबांचा गुडघा सैल झाला. किसननं खालून धडपड केली आणि आबा पडले. ह्या वेळी ते चांगले पडले नाहीत. तळहात वाजला नाही, हनुवटी सावरली नाही. वर चिखल आणि खाली ढेकळं असलेल्या त्या मातीवर ते नुसतेच आपटले, पाठ, मग डोकं, मग कोपर. क्षणभर कुणालाच कळलं नाही काय झालं. मग मागून पहिला आवाज आला, "नुरा!" आणि मग सगळा माळ. "नुरा हाय बे, नुरा! सोपान नुरा!" ज्यांनी नाव घेतलं होतं त्यांनीच. मी गाडीतून उतरले ती सरळ पालात जाऊन गोधडीखाली शिरले, भर उन्हात.

संध्याकाळी मायनं आबांच्या कोपरावर हळद भरली. मी चुलीकडं तोंड करून भाकरी थापत होते. मायला वाटलं, मी रुसलेय. ती मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बैलाला काय ठावं खरं कंचं नि नुरा कंचा? त्याला वैरन कळती." मी भाकरीचं ताट आबांपुढं सरकवलं आणि परत चुलीकडं वळले. मी काय बघितलं ते मी मायलाही सांगितलं नाही. चित्र्या त्या वेळी टाकीजवळ उभा राहून उसाची वाढं खात होता, खुंट्याला पुन्हा नीट बांधलेला.

पुढं पाऊस झाला. त्याच बैलांवर आबांनी पेरणी केली, त्याच बैलांच्या जिवावर मी दहावीपर्यंत शिकले, माझं लग्नही झालं. चित्र्या म्हातारा होऊन आपल्या मरणानं मेला. शिकलेली माणसं म्हणतात, कारण कळलं की मनातली अढी जाते. कसली जाते! मला कारण त्याच दिवशी कळलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं. बापानं बैल वाचवले, घर वाचवलं, ह्यात लाजण्यासारखं काय, असं मी स्वतःला हजारदा बजावलंय. ते पटतंही. पण जत्रेतल्या हलगीचा आवाज आला की माझी जी मान आपोआप खाली जाते तिला काही पटलेलं नसतं. लाजेला अक्कल नसते हो. ती कधी आबांची असते, कधी माझी, कधी त्या मॅनेजरची असायला हवी होती ती चुकून आमच्याकडं राहिलेली. म्हणून मी पडणाऱ्या माणसांच्या कुस्त्या बघते आणि चप्पल वाजली की मालिका लावते.

आबा आता माझ्याकडंच असतात. माय गेली, आणि गावाकडं ह्या वर्षी प्यायलाही पाणी नाही. खूप थकलेत, ऐकायला कमी येतं, पण नजर चांगली आहे. परवा दुपारी ते पलंगावर झोपलेत असं समजून मी टीव्ही लावला. माझा काळ्या चड्डीवाला आला होता, समोर तो सोनेरी केसांचा. थोड्या वेळानं मागून आवाज आला.

"हे खोटं हाय न्हवं?"

मी दचकले. हात रिमोटकडं गेला, पण आता लपवणार काय! "हो आबा. ठरलेलं असतं."

"समद्यांला ठावं असतंय?"

"समद्यांला."

"तरी बगत्यात?"

"तरी बघतात. पैसे देऊन बघतात."

ते उठून बसले. भिंतीला टेकून बराच वेळ बघत राहिले. काळ्या चड्डीवाल्यानं एकदा पाठ टेकवली तसे म्हणाले, "ह्यो चांगला पडतोय. हात बग त्याचा. शिकलेला हाय."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! एवढी वर्षं ह्या गोष्टीवर बोलायला मला घरात कुणी नव्हतं आणि जो एक माणूस होता त्याच्याशी कुस्तीचा शब्द काढायची सोय नव्हती. मी म्हणाले, "तेच तर आबा, त्या दुसऱ्याला काहीच येत नाही, सगळं हाच करतो." आबांनी मान डोलावली. तेवढ्यात सोनेरी केसवाल्यानं त्याला डोक्याच्या वर उचलला.

"बंद कर," आबा म्हणाले.

"का हो?"

"पडतोय आता त्यो. त्याच्या घरचं कुनी बगत असलं तर?"

"आबा, ते कुठं, आपण कुठं! आपण बंद केलं म्हणून काय त्यांचं..."

"बंद कर म्हनलं न्हवं."

मी बंद केलं. मला वाटलं, आता बोलावं. आता नाही तर कधी? एवढं ओझं ते एकटे वाहतायत, माझ्या एका वाक्यानं ते हलकं होईल, असंच मला वाटलं, देवाशपथ. मी म्हणाले, "आबा, छावणीतली ती कुस्ती मी बघितली होती. मॅनेजरनं चित्र्याचं दावं सोडलं ते बी बघितलं होतं. तुमी का पडला ते मला ठावं हाय."

आबांनी कोपरावरून हात फिरवत विचारलं, "तवाच ठावं होतं?"

"तवाच."

"म्या इतकी वर्सं मनाला सांगत आलो," ते म्हणाले, "का पोरीला कारन ठावं न्हाई, म्हनून ती माज्या तोंडाकडं बगून बोलत न्हाई."

मी तेव्हाही हातातल्या रिमोटकडंच बघत होते.